सोमाचा पहारा

मु. पो. निंबाची वाडी,
ता. शिरूर कासार, जि. बीड
२० मार्च २०२५

चि. सोमास,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. तू, करिष्मा आणि संस्कृती बरे असाल असं धरून चालते. पत्र कशाला, असं तुला वाटेल. पाकीट आणायला गेले तर शिरूरच्या पोस्टातल्या बाईनेही विचारलं, राखी आहे का म्हणून. मार्च महिन्यात. मी म्हटलं, आमचा भाऊ जरा लांबचा आहे, आत्तापासून पाठवलेली बरी. तू फोन उचलत नाहीस. करिष्मा उचलते तेव्हा तू मीटिंगमध्ये असतोस. मेसेजला निळ्या खुणा येतात आणि पुढे काही नाही. पत्र निदान मध्येच कट करता येत नाही.

आधी बातम्या सांगते. ऊसतोडीला गेलेली माणसं परतायला लागली आहेत, त्यामुळे गल्लीला पुन्हा आवाज आलाय. तुझे दाजी तेलगावला एकटेच हात भाजून घेतात. रविवारी मोटरसायकलवर येऊन मला बघतात आणि जाताना "माहेर लई मानवलंय बरं का" असा टोमणा मारून जातात. मी संक्रांतीपासून इथेच आहे. तिकडे ऊस आहे, जनावरं आहेत, पण आबांना एकटं सोडून जायला पाय निघत नाही.

आबा बरे आहेत. पायावरची सूज सकाळी कमी असते, दिवस कलला की वाढते. देवळाच्या पायऱ्या चढताना मध्येच बसतात, कोणी बघत नाही ना ते बघतात आणि मग उठतात. गोळ्या मी स्वतः दोन्ही वेळा त्यांच्या तळहातावर ठेवते, तू सांगितलं होतंस तशा. एकही वेळ चुकवलेली नाही.

भांडणाचं लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण न लिहिता पुढे जाता येत नाही. छातीच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आबा तुमच्या पुण्याच्या दवाखान्यातून पळून आले, ते काही बरोबर केलं नाही. तू रजा टाकली होतीस, करिष्माने डबे केले होते, डॉक्टरांना शब्द दिला होता. मला सगळं कळतं. ते इथे एसटीतून उतरले तेव्हा पायात दवाखान्याच्या सपाता होत्या आणि मनगटाला त्यांच्या नावाचा कागदी पट्टा. सारं गाव हसलं. मी पण हसले, आणि मग मागच्या दारी जाऊन रडले. त्या दिवशी तू फोनवर जे बोललास ते मी स्पीकरवर ऐकत होते. "मरायचं तर मरा तिकडंच, मला कळवू नका." आबांनी ऐकून घेतलं, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "दमलंय लेकरू." रागात माणूस काहीही बोलतं. तुझा राग कुठून येतो ते मला माहीत आहे आणि त्यांनाही.

आई आयसीयूच्या काचेपलीकडे गेली, त्याचा दोष तुला कोणीच दिला नाही, सोमा. तू तिला दवाखान्यात नेलंस, कारण न्यायलाच हवं होतं. पण आबा त्या काचेच्या दारासमोर गंगेच्या पाण्याची बाटली खिशात घेऊन उभे होते आणि त्यांना आत सोडलं नाही. "चंद्रभागीच्या तोंडात थेंब पडला न्हाई," एवढं एकच वाक्य ते कधीतरी बोलतात, तेही जेवता जेवता, भाकरी मोडताना. पुण्याहून ते ऑपरेशनच्या भीतीने आले नाहीत. त्या दाराच्या भीतीने आले.

हल्ली त्यांनी आवराआवर काढली आहे. शेजारच्या सुंदरकाकूकडून फार वर्षांमागे आणलेली पहार त्यांनी परत नेऊन दिली. काकू स्वतःच विसरली होती, ती पहार हातात घेऊन नुसती बघत राहिली. घोंगडी धुवून घेतली. पुढच्या दाराच्या बिजागरीला तेल घातलं. गेवराईकडून गोदावरीतल्या वाळूचे टिप्पर येतात ना, त्यातल्या एका ड्रायव्हरला सांगून गंगेचं पाणी मागवलं. मग परवा बोळातली बाभळीची फांदी तोडायला माणूस लावला. मी म्हटलं, "आबा, कावून तोडता? सावली हाय दाराला." तर म्हणाले, "चार माणसं अंग न चोरता गेली पाहिजेत, मने. काटं लागत्यात खांद्याला." मी चहा ठेवायला आत गेले. कोणती चार माणसं, ते मी विचारलं नाही. फांदी तुटून पडल्याचा आवाज आला तेव्हा माझ्या हातातली साखर चुलीत सांडली.

तुला वाटेल ताई घाबरली आहे. घाबरलेच होते. दिवसभर नजर आबांच्या पायांकडे असायची. पण संध्याकाळी आबांचा हात धरून त्यांना देवळात भजनाला नेते, तेव्हा मलाही बसावं लागतं. तुला माझं देवदेव माहीतच आहे, आईच्या उपासांची मी किती थट्टा करायचे. सुरुवातीला मी मोबाईल बघत बसायचे. मग एका संध्याकाळी बाकीच्यांबरोबर तोंड कधी उघडलं ते कळलंच नाही, आणि घरी येताना लक्षात आलं की तासभर भीती आठवलीच नव्हती. आबा अंधारात म्हणाले, "गळा चंद्रभागीचा हाय तुझा." आता मी रोज जाते. त्यांच्यासाठी जाते असं सांगते, पण ते पूर्ण खरं नाही.

सप्ताहाची बैठक झाली. पाच एप्रिलला सप्ताह बसतो आणि हनुमान जयंतीला काला. उत्तरेश्वरभाऊ आता भजनी मंडळाचं बघतात. त्यांनी वीणेचे पहारे कोणी कोणी घ्यायचे ते विचारलं. आबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "दुपारचा माझा. माझ्यामागचा सोमाचा." उत्तरेश्वरभाऊ म्हणाले, "आबा, सोमेश्वर येणार हाय का?" तर म्हणाले, "येईल की. घरचा पहारा हाय."

मी फक्त कळवते आहे. तुला सुट्टी नसेल, कामं असतील. संस्कृतीची परीक्षा पण असेल. तिला माझा मुका. करिष्माला आशीर्वाद. दिवाळीत पाठवलेली साडी अजून घडी मोडून नेसले नाही, चांगल्या दिवशी नेसेन.

तुझी
मनिषाताई


निंबाची वाडी
११ एप्रिल २०२५

सोमा,

आधीच्या रजिस्टर पत्राची पोच आली. त्यावर तुझीच सही आहे, ती मी ओळखली, स वरून खाली ओढलेला. म्हणजे तू वाचलंस. म्हणून आज खुशाली विचारत बसत नाही.

हे पत्र घेऊन उत्तरेश्वरभाऊ स्वतः आले आहेत. काल्याच्या कीर्तनाला येणाऱ्या महाराजांना आणायला त्यांची जीप पुण्याला चालली होती, मी तुझा पत्ता दिला. ते तुझ्या दाराशी थांबतील. तू पूर्ण वाचून होईपर्यंत त्यांना चहा दे. घाई करू नकोस, पण मध्ये उठूनही जाऊ नकोस.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की गोळ्या तळहातावर ठेवते. घेतात, असं लिहिलं नव्हतं. फेब्रुवारीत तुळशीला पाणी घालताना मातीत पांढरं पांढरं दिसलं. उकरलं तर गोळ्या. विरघळलेल्या, अर्ध्या, काही अगदी जशाच्या तशा. मी माती परत सारखी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्यांच्या तळहातावर गोळी ठेवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मूठ मिटली. त्यांना कळलं की मला कळलंय. तेव्हापासून आम्ही दोघं रोज हे असंच करतो. मी डॉक्टरला सांगितलं नाही, तुझ्या दाजींना नाही, तुला नाही. तू माझ्यावर ओरडशील, ओरड. मी तुझ्या जागी असते तर मीही ओरडले असते. पण रोज सकाळी त्या मुठीकडे बघून मला काय वाटतं ते तुला दुसरं कोणी सांगणार नाही, म्हणून सांगते. मला भीती वाटते, आणि मला शांत पण वाटतं. बापाचं जाणं डोळ्यासमोर दिसत असताना लेकीला शांत वाटावं हे पाप आहे की काय, ते मी देवळात बसून रोज विचारते. शांत मात्र वाटत राहतं.

आता सप्ताहाचं सांगते. तू लहानपणी आबांच्या पायाशी बसून बघितलेलं आहेस, पण संस्कृतीला माहीत नसेल, तिला हे वाचून दाखव. सप्ताह बसला की देवासमोर वीणा कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात असते, काला होईपर्यंत. ती खाली ठेवायची नाही. ज्याचा पहारा असेल त्याने उभं राहून नाम घ्यायचं. पुढचा माणूस आला की तो पाया पडतो, मान पुढे करतो आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. ती मागून घ्यायची नाही, हिसकून तर नाहीच. ज्याच्या गळ्यात आहे त्याने द्यायची. एका साली पहारेकऱ्याला डुलकी लागली आणि वीणा जमिनीला टेकली, त्या उन्हाळ्यात गावातल्या विहिरींनी तळ दाखवला असं म्हातारे अजून सांगतात. मी असल्या गोष्टींवर हसायचे. त्या दुपारी हसू आलं नाही.

पहिल्याच दिवसाची गोष्ट. आबांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली आणि वीणा गळ्यात घेतली. मांडवावर पत्रे, वर चैताचं ऊन, आत भट्टी. मी खांबाजवळ लिंबूपाण्याचा तांब्या घेऊन बसले होते. त्यांचा पहारा नीट पार पडला. आवाज बारीक होता, पण तुटला नाही. वेळ झाली तसे उत्तरेश्वरभाऊ पुढे आले, पाया पडले, मान वाकवली. आबांनी तोंड फिरवलं.

भाऊंना वाटलं ऐकू आलं नाही. ते दुसऱ्या बाजूने गेले. "आबा, पहारा झाला तुमचा."

"माझा झाला," आबा म्हणाले. "आता सोमाचा हाय. त्यो आला की देतो."

मग जे झालं ते मी तुला कसं सांगू. सगळा मांडव उभा राहिला. कोणी म्हणे खुर्ची आणा, पण वीणा गळ्यात असताना ते बसेनात. सुग्रीव पखवाज सोडून आला आणि मागे हात धरून उभा राहिला, पडले तर झेलायला. पाणी दिलं तर मानेने नको म्हणाले. नाम चालूच. रामकृष्णहरी, रामकृष्णहरी. ओठ निळे पडायला लागले. वारा नसताना धोतर हलत होतं. माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हती, मांडवाच्या दाराकडे बघत होती. तू येतोस का ते. मी पण बघत होते, सोमा. रस्त्यावर एक पांढरी गाडी वळली तेव्हा आबांचा आवाज चढला. गाडी सरळ निघून गेली.

सुंदरकाकू माझ्या कानाशी म्हणाली, "म्हातारा ठरवून उभा ऱ्हायलाय, मने. वीणा गळ्यात असताना जीव जावा म्हणून." मला ते आधीच कळलं होतं. बोळातली फांदी तुटली तेव्हाच कळलं होतं. पण त्या क्षणी मला ते नको झालं. तुळशीच्या कुंडीपाशी मी त्यांना जाऊ दिलं होतं, आणि मांडवात मला जाऊ देता येईना. तू न आल्यामुळे ते मेले, हे तू जन्मभर उरावर घेऊन हिंडला असतास. ते मला बघवलं नसतं.

मी तांब्या खाली ठेवला, पदर खोचला आणि पुढे जाऊन त्यांच्या पाया पडले. मग मान पुढे केली. आपल्या गावात बाईच्या गळ्यात वीणा कोणी बघितलेली नाही. मागे कुजबुज झाली. आबांनी डोळे बारीक करून बघितलं. "तू कावून?"

"सोमाचा पहारा हाय ना, आबा? त्याच्या नावानं घेते. त्यो येईस्तोवर."

"येणार हाय का त्यो?"

मी हो म्हणाले. देवासमोर उभी राहून म्हणाले.

त्यांनी नाम पुन्हा धरलं. मग त्यांनी वीणा माझ्या गळ्यात घातली आणि माझ्या पाया पडायला वाकले, रीतच आहे ती. वाकले ते उठले नाहीत. सुग्रीवने धरून खांबाशी टेकवलं. मला बघायला वळता येईना, कारण तारेवरचं बोट थांबवायचं नाही आणि तोंडातलं नाम थांबवायचं नाही. बाप मागे जिवंत आहे की नाही ते मला माहीत नव्हतं आणि मी समोर देवाकडे बघून नाम घेत होते. रडू आलं. रडू आलं तरी नाम चालूच ठेवावं लागतं, मग रडणं त्याच्यातूनच बाहेर गेलं. वीणा छातीवर टेकलेली असते, तार हलली की आत हाडापर्यंत कळतं. आई गेली तेव्हा रडायचं राहून गेलेलं, ते त्या दिवशी झालं बहुतेक. पहारा संपला तेव्हा मी हलकी झाले होते. आबा श्वास घेत होते.

गावात दोन दिवस बोलणं झालं. कोणी म्हणालं विटाळ झाला. उत्तरेश्वरभाऊंनी एवढंच सांगितलं, "आबांनी दिली. आबांपेक्षा मोठा वीणेकरी कोण हाय, त्यानं येऊन बोलावं." कोणी आलं नाही. त्या दिवसापासून तुझा पहारा रोज मीच करते.

आबा अंथरुणावर आहेत. जेवण सुटलं. चमच्याने पाणी घेतात, तेही गंगेचं असेल तरच. शिरूरचे डॉक्टर येऊन गेले. छातीला नळी लावून ऐकलं, मग मला अंगणात नेऊन म्हणाले, ज्यांना कळवायचं त्यांना कळवून टाका. आबांनी आतून ऐकलं असणार. मी आत गेले तर म्हणाले, "घाबरू नगं. काल्यापत्तर हाय मी." एवढं सहज, जसं बाजारातून येतो म्हणावं. त्यांच्या उशाशी बसलं की त्यांच्या श्वासाच्या मध्ये जागा पडते, आणि मी त्या जागेत नाम घेते, आणि मग पुढचा श्वास येतो. दार उघडंच असतं आणि कोणी आलं गेलं तरी वाजत नाही. शेजारच्या बाया येऊन नुसत्या बसतात. ताराबाईने काल न सांगता अंगण सारवून दिलं.

दिवसातून किती वेळा तरी विचारतात, "पहारा कुणाचा चालू हाय?" मी पहाऱ्यावरून घरी येऊन सांगते, "सोमाचा झाला, आबा." ते म्हणतात, "मग ठीक." मी खोटं बोलत नाही. पहारा तुझाच होता. पण आज सकाळी त्यांनी माझा हात धरला आणि माझी बोटं चाचपली. तारेने बोटाला चर पडला आहे. त्या चरावर अंगठा फिरवत राहिले. मग भिंतीकडे तोंड करून पडले आणि त्यानंतर पहारा कुणाचा ते विचारलं नाही. म्हणून मी हे पत्र लिहायला बसले.

उद्या सकाळी काला आहे. महाराजांचं कीर्तन होईल, दहीहंडी फुटेल आणि वीणा खाली ठेवली जाईल. त्याच्या आत ती तुझ्या गळ्यात पडली पाहिजे. पुढचं मला माहीत आहे आणि तुलाही आहे. ते काही आपल्या हातात नाही. एवढं मात्र आहे.

तू दवाखान्याची गाडी घेऊन येशील याची मला भीती वाटते. आणू नकोस. आणलीस तर मी बोळात आडवी पडेन. माझ्याशी भांडायचं तर भांड, गोळ्यांचं विचार, दाजींसमोर विचार, मी उत्तर देईन. पण काल्यानंतर. तुला देवावर विश्वास नसेल तर नसू दे, माझाही अजून कच्चाच आहे. नाम घ्यायला जमलं नाही तर नुसता उभा राहा. आबांना माफी माग असं मी म्हणत नाही. ते तुझ्यावर रागावलेलेच नाहीत, मग माफी कोणाला मागणार? घराच्या आधी देवळात ये. पाया पड, मान पुढे कर. मग आपण दोघं घरी जाऊ, आणि आबांनी डोळे उघडले तर तू स्वतः सांग पहारा कुणी केला ते. पाण्याची बाटली उशाशी आहे. थेंब तू घाल.

उत्तरेश्वरभाऊ वाट बघत असतील. करिष्माला आणि संस्कृतीला बरोबर घे. कपडे भरत बसू नका.

उद्या मी नेहमीपेक्षा लवकर उभी राहणार आहे, आणि या वेळी तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला देणार नाही. आबांचीच लेक आहे मी.

तुझ्या पहाऱ्यावर उभी असलेली,
ताई